झेल कोणाच्या नावावर

स्कोअरबुकात झेलाची नोंद करताना दोन नावं लिहितात, पकडणाऱ्याचं आणि टाकणाऱ्याचं. गीतेच्या अठराव्या अध्यायाला दोन पुरत नाहीत. कुठलंही कर्म तडीस जायला पाच कारणं लागतात, असं तिथे सांगितलंय: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. एवढं सांगून भगवंत थांबत नाहीत. पाच जण कामाला लागलेले असताना जो एकट्या स्वतःला कर्ता समजतो, त्याला दिसतच नाही, असं ते अर्जुनाला बजावतात. आमच्याकडच्या कीर्तनात हा भाग फारसा येत नाही. फळाची आशा धरू नका, हे सगळे बुवा सांगतात. मुळात केलं कोणी, हा हिशेब कोणी काढत नाही.

मला तो काढावासा वाटतो, कारण माझी तिन्ही कामं त्यात अडकली आहेत. एसटीत ड्रायव्हर होतो, आता निवृत्त. उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या टुर्नामेंट सुरू झाल्या की अंपायर म्हणून उभा राहतो. आणि गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे आहे, तो वडिलांनंतर माझ्याकडे आला. मी ‘बा देवा म्हाराजा’ म्हणायचं आणि मागे उभ्या मंडळींनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. सकाळी हात जोडून ‘तूच काय ता करून घे’ म्हणणारा माणूस रात्री फ्लडलाइटखाली बोट वर करून ‘आउट, हेनाच पकडल्यान’ असं सांगतो. दोन्ही एकाच तोंडाने.

या प्रश्नाला मी एकनाथ सोलकरला साक्षीला बोलावतो. दुसरा कोणी सुचत नाही.

सोलकर म्हटलं की आजच्या पोरांना नाव ठाऊक असतं, चेहरा नसतो. मुंबईच्या मरीन लाइन्सला हिंदू जिमखाना आहे, तिथल्या ग्राउंडसमनचा हा मुलगा, 1948चा जन्म. मैदानाच्या कडेला एका खोलीच्या झोपडीत कुटुंब राहायचं. पोरगा सामन्यांचा स्कोअरबोर्ड हलवायचा, इतरांच्या धावांचे आकडे लावायचा. ऑक्टोबर 1969मध्ये न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला तो भारताकडून पहिली कसोटी खेळला. डावखुरा, मधल्या फळीत बॅटिंग, कधी नवा बॉल टाकायचा, कधी फिरकी. 1975मध्ये वानखेडेवरच्या पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडिजविरुद्ध 102 केले, तेवढं एकच शतक. या सगळ्यावर त्याला दोन-चार वर्षं संघात जागा मिळाली असती आणि पुढे कोणी आठवण ठेवली नसती. नाव राहिलं ते फॉरवर्ड शॉर्ट लेगमुळे. 27 कसोटींत 53 झेल. विकेटकीपर सोडून, निदान वीस कसोटी खेळलेल्या माणसांत, कसोटीमागे इतके झेल दुसऱ्या कोणाचे नाहीत.

ही जागा म्हणजे बॅटपासून दोन-तीन पावलं. तिथे तो गुडघे वाकवून बसायचा, डोक्याला हेल्मेट नाही, नडगीला पॅड नाही. बेदी, चंद्रशेखर, प्रसन्ना, वेंकट या चार फिरकीपटूंपैकी कोणीतरी टाकतोय, आणि समोरचा फलंदाज चिडून कधी जोरात झाडू फिरवील याचा नेम नाही.

हिशेब सोपा आहे. बॅटला लागून निघालेला बॉल ताशी 72 किलोमीटरने आला असं धरा. आमच्या लाल गाडीचा चांगल्या रस्त्यावरचा वेग. म्हणजे सेकंदाला 20 मीटर. तीन मीटरला लागतो सेकंदाचा सातवा हिस्सा, त्याहून थोडा जास्त. माणसाच्या डोळ्याला दिसून हात हलायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तर बॉल दिसला, आता पकडतो, असं ठरवायला तिथे वेळच नाही. जो ‘मी’ ठरवतो, तो पोचेपर्यंत बॉल हातात असतो नाहीतर जमिनीवर.

ड्रायव्हरला हे नवीन नाही. रात्रीच्या गाडीला चौके गावाच्या पुढे काळोखातून म्हैस आडवी आली, आणि पाय ब्रेकवर गेला, मग मला कळलं की म्हैस आहे. माझ्या अगोदर माझा पाय शहाणा झाला. प्रवाशांनी उतरताना ‘ड्रायव्हरसाहेब, वाचवलात’ म्हटलं. मी मान हलवली. मी काय केलं होतं?

आमच्या टुर्नामेंटला मागे एका पोराने पॉइंटला एका हाताने असा झेल घेतला की माइकवरच्या कॉमेंटेटरचीही वाचा क्षणभर बसली. ओव्हर संपल्यावर मी त्याला विचारलं, “कसो घेतलंस रे?” तो म्हणाला, “काका, मी खंय घेतलंय? गावलो.” अठरा वर्षांचं पोर, मच्छी उतरवणाऱ्याचा मुलगा. अठराव्या अध्यायाचं नावसुद्धा ऐकलं नसेल त्याने. पण बक्षीस घ्यायला वर गेला तेव्हा मात्र छाती काढून गेला, आणि त्यात मला काही खटकलं नाही. बोकडाचं बक्षीस होतं.

ओव्हलला येऊ. ऑगस्ट 1971. लॉर्ड्स आणि मँचेस्टरच्या दोन कसोटी अनिर्णित सुटल्या होत्या, तिसरीत इंग्लंडने पहिल्या डावात 355 केले, आपण 284. अजित वाडेकरचा संघ 71 धावांनी मागे, एक अख्खा दिवस पावसाने खाल्लेला. सोमवारी 23 तारखेला इंग्लंडचा दुसरा डाव 101 धावांत आटोपला. चंद्राने 38 धावांत 6 घेतले. आपण 173 गाठले आणि इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कसोटी आणि मालिका दोन्ही जिंकल्या. हे आकडे आमच्या पिढीला पाढ्यांसारखे पाठ आहेत.

मला त्या डावातले दोन बळी एकाशेजारी एक ठेवून बघायला आवडतात.

पहिला जेमसनचा. चंद्रा टाकत होता, समोर लकहर्स्ट. त्याने सरळ जोरात फटका मारला. जाता जाता बॉलला चंद्राचा हात लागला आणि तो पलीकडच्या स्टंपवर जाऊन आदळला. जेमसन क्रीझच्या बाहेर होता. रनआउट. चंद्राने तो हात काही बेत आखून घातला नव्हता. आणि हात तरी कसला? लहानपणी पोलिओने वाळलेला उजवा हात. त्याच हाताने तो लेगस्पिन टाकायचा, आणि तो हात तसा होता म्हणूनच त्याचा बॉल भल्याभल्यांना वाचता येत नसे. ज्या रोगाने पोराचा हात गेला म्हणून घरच्यांनी कपाळ धरलं असेल, त्या रोगाने ओव्हलची कसोटी जिंकायला मदत केली. याला दैव म्हणायचं की करण? मला वाटतं, गीतेत करणं ‘निरनिराळी’ म्हटली आहेत त्यात असा हातसुद्धा बसतो.

दुसरा बळी अ‍ॅलन नॉटचा. पहिल्या डावात त्याने 90 केल्या होत्या, आणि तेव्हा त्याला आउट केलं होतं सोलकरनेच, स्वतःच्या बॉलिंगवर झेल घेऊन. दुसऱ्या डावात नॉट टिकला असता तर इंग्लंड सावरलं असतं. वेंकटचा बॉल, नॉटची बॅट पुढे, कडेला जेमतेम लागून बॉल पॅडसमोर खाली पडायला निघाला, आणि सोलकर पुढे झेपावला. अख्खं अंग जमिनीला समांतर, हात बॉलखाली. नॉट 1 धाव करून परत. तो फोटो मालवणच्या एका सलूनमध्ये बरीच वर्षं आरशाशेजारी लावलेला होता. दाढी करताना मी त्यात सोलकरच्या हातांपेक्षा पाय बघायचो. पायांची बोटं अजून गवतात रुतलेली दिसतात. तो मागे सरकलेला नव्हता. फलंदाज पुढे येतोय म्हटल्यावर कोणीही शहाणा माणूस अंग चोरतो, डोकं वळवतो. त्याने वळवलं नाही.

सगळा फरक मला इथे सापडतो. चंद्राचा हात लागला, सोलकरचाही हात ‘लागला’, त्या क्षणी दोघांनाही ठरवायला सवड नव्हती. तरी दोन्ही कर्मं एकच नाहीत. सोलकरने झेल ठरवला नसेल. जागा ठरवली होती. गुडघे किती वाकवायचे, बोटं कुठे रोवायची, वेंकट सपाट टाकतो म्हणून किती पुढे सरकायचं, आणि काहीही झालं तरी डोळे मिटायचे नाहीत, हे त्याने बॉल टाकण्यापूर्वी ठरवलं होतं. आपण फक्त बॉल बघतो, असं तो सांगायचा म्हणतात. एवढ्याने कर्त्याचा वाटा संपतो. पण तो शून्य नाही. आमचे काही बुवा सगळंच दैवाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात, ते मला पटत नाही. आणि मेहनत केली की सगळं मिळतं असं शाळेच्या गॅदरिंगला सांगणारे पाहुणेही पटत नाहीत. दोघांनीही पाचातला एकेकच आकडा उचललाय.

अधिष्ठानाचंही घ्या. ज्ञानेश्वर अधिष्ठान म्हणजे देह असं समजावतात, ते बरोबरच. पण सोलकरच्या बाबतीत मला जिमखान्याच्या कडेची ती खोलीही त्यात धरावीशी वाटते. जो पोरगा बापाला पिचवर रोलर फिरवताना बघत वाढला, त्याला बॉल कुठल्या मातीतून किती उसळतो हे कोणी शिकवावं लागलं नसेल. ती खोली त्याने मागून घेतली नव्हती. गरिबी हे काही भूषण नाही, पण तीसुद्धा कामाला आली.

अमेरिकेत असलेल्या माझ्या भाच्याला मी हे फोनवर सांगत होतो तर तो बेसबॉलचं सांगायला लागला. तिथे तिसऱ्या बेसवर ब्रूक्स रॉबिन्सन म्हणून होता, बाल्टिमोरचा, 1960 ते 1975 अशी सलग सोळा वर्षं उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार त्यालाच. त्या जागेला ते लोक तापलेला कोपरा म्हणतात. मी भाच्याला एवढंच विचारलं, हातात चामड्याचा मोठा ग्लोव्ह असतो ना? असतो म्हणाला. मग करणांत फरक पडला. माणूस मोठा असेल, पण आमच्या सोलकरचे हात उघडे होते.

श्रेयाच्या वाटणीचाही प्रश्न आहे. चंद्राच्या 6 बळींत फ्लेचरचा झेल सोलकरचा. नॉट वेंकटच्या खात्यात. बेदीने पुढे मोकळेपणाने कबूल केलं की सोलकर नसता तर आम्ही तसे बॉलर झालो नसतो. पण फिरकीचं मोठेपण आजही चौघांच्याच नावाने सांगतात. पुस्तकात सोलकरच्या नावावर बॉलिंगचे फक्त 18 बळी आहेत. तो शॉर्ट लेगला बसलाय या धाकाने किती फलंदाज पुढे यायचे थांबले आणि पायचीत झाले, याची नोंद ठेवायला रकानाच नाही. अंपायर म्हणून मला हे ठाऊक आहे: मैदानावर घडतं त्यातलं निम्मं वहीत येत नाही.

ओव्हलच्या शेवटच्या दिवशी, 24 ऑगस्टला, गणेश चतुर्थी होती. लंडनमधल्या आपल्या लोकांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून मैदानात फिरवली. आमच्या घरी गणपतीसमोर आरतीची तयारी चाललेली आणि शेजारच्या खळ्यात ट्रान्झिस्टर. जिंकल्याची बातमी आली तेव्हा आजी म्हणाली, “गणपतीनच जिंकवल्यान.” मी तेव्हा शाळकरी पोर, मलाही तेच खरं वाटलं. पुढे तारखा बघितल्या तेव्हा लक्षात आलं की इंग्लंड 101ला आटोपलं ते आदल्या दिवशी. तेव्हा आमची मूर्ती अजून गणपतीच्या शाळेतच होती, डोळे रंगवायचेसुद्धा राहिले असतील. आजीला हे सांगायची सोय आता नाही. सांगितलं असतं तरी तिने म्हटलं असतं, देवाक काय पाटावर बसाचा लागता?

ते तिचं बरोबरच होतं. पण आमच्या मुलखात देव नुसता वर बसून बघत नाही, त्याला विचारून कामं करतात. देवळात पाषाणाला ओल्या पाकळ्या लावून कौल घेतात. उजवी पडली तर एक अर्थ, डावी पडली तर दुसरा, आणि कधी तासभर काहीच पडत नाही, मग मंडळी ताटकळत बसतात. आचऱ्याची गावपळण तुम्ही ऐकली असेल. काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल होतो आणि सगळा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातो. गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारी माणसं, सगळी राहुट्यांत. गावात चिटपाखरू राहत नाही. परत यायचं तेही पुन्हा कौल घेऊनच. बाहेरचे पत्रकार येऊन विचारतात, हे कोण ठरवतं? देव ठरवतो म्हणावं, तर पाकळी गुरवाने लावलेली असते. गुरव ठरवतो म्हणावं, तर पाकळी कुठली पडणार हे त्याच्या हातात नसतं. आणि गाव ठरवतो म्हणावं, तर एकेकट्याला विचारलंत तर निम्मे जण म्हणतील की भातकापणीनंतर थोडं घरात बसायचं होतं. पाच कारणांचं गणित कुठे जिवंत बघायचं असेल तर तिथे बघावं. कर्ता शोधायला गेलात तर माणूस नाही सापडणार, अख्खा गाव रानात बसलेला सापडेल, आणि मजेत.

इथवर माझं गणित नीट बसतं. ते बिघडतं रमण लांबापाशी.

लांबा आपला कसोटीपटू, दिल्लीचा. फेब्रुवारी 1998मध्ये ढाक्यात क्लबचा सामना खेळत होता. ओव्हरचे तीन बॉल राहिले असताना त्याला फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभं केलं. कॅप्टनने हेल्मेट विचारलं. तीनच बॉल तर आहेत, म्हणून त्याने आणवलं नाही. फलंदाजाने पुल मारला, बॉल लांबाच्या डोक्याला लागला आणि उडून मागे विकेटकीपरच्या हातात गेला. झेल पूर्ण झाला, फलंदाज आउट. तीन दिवसांत लांबा गेला. वय 38.

जागा तीच. अंग चोरलं नसेल हेही तेच. स्कोअरबुकाच्या नियमाने झेल विकेटकीपरचा, ज्याने फक्त ओंजळ धरली. ज्याच्या डोक्याने तो उडवला त्याचं नाव त्या नोंदीत कुठेच नाही. सोलकर तिथे 27 कसोटी बसला आणि 2005च्या जूनमध्ये हृदयविकाराने, 57व्या वर्षी, मुंबईत गेला. लांबाला तीन बॉल पुरले. या दोघांत कोणाची श्रद्धा कमी पडली, कोणाचं पूर्वसंचित आडवं आलं, असं कोणी मला समजावायला लागला की मी उठून जातो. मेलेल्या माणसाच्या खात्यात पाप शोधून दाखवणं हा धर्म नव्हे. गीताही तसं म्हणत नाही. पाचवं दैव, एवढंच म्हणते. कुठे लपलेलं, का, कधी येईल, याचा खुलासा तिथे केलेला नाही, आणि माझ्या मते तो मुद्दामच केलेला नाही.

म्हणून मी गाऱ्हाण्यात काय मागायचं ते बदललं. टुर्नामेंटच्या फायनलला दोन्ही टीम सकाळी नारळ घेऊन देवळात येतात. एकदा एका टीमचा कॅप्टन हळूच कानाशी येऊन म्हणाला, “काका, आमच्यासाठी वायच जास्त सांगा.” पाठोपाठ दुसरी टीम आली. दोन्ही वाड्यांचा देव एकच, गाऱ्हाणं घालणारा एकच, आणि दुपारी अंपायरही तोच. देवाला मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो, की ह्यांका जिंकव आणि त्यांका हरव? मी दोन्ही नारळ एकत्र ठेवले आणि म्हटलं, बा देवा म्हाराजा, दोनव वाडींची पोरा मैदानात जातत, हातापायान बरी घराक परत येऊंदेत. मंडळींनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. दोन्ही कॅप्टनची तोंडं जरा उतरली. जिंकणं-हरणं मी मागत नाही, कारण त्यात पोरांचा वाटा आहे आणि तो त्यांनीच घालायचा. इजा टळो एवढं मागतो, कारण ते पाचव्याच्या हातात आहे.

पाचव्याच्या हातात आहे म्हणून बाकीच्या चारांनी हात वर करायचे नाहीत, हेही त्यात आलं. गेल्या हिवाळ्यात शाळकरी पोरांचा लेदर बॉलचा सामना होता, मीच उभा होतो. एक चुणचुणीत पोर स्पिनरच्या ओव्हरला आपणहून शॉर्ट लेगला येऊन बसलं. हेल्मेट नाही. त्याच्या बापाने त्याला सोलकरची गोष्ट सांगितलेली असणार. मी सामना थांबवला. हेल्मेट आण म्हटलं, तर ते होतं एकच आणि ते विकेटकीपरने घातलेलं.

“काका, काय होवचा नाय,” पोर म्हणालं. “सकाळीच देवाक सांगलास ना तुम्ही?”

“सांगलंय. पण देव पाचवो,” मी म्हटलं. “आधी तू कोण तो बघ.”

त्याला काही कळलं नाही. तोंड वाकडं करून तो मिडऑनला गेला, आणि तिथे पुढच्याच ओव्हरला एक सोपा झेल सोडला. मी वहीकडे बघितलं. स्कोअरर पोरीने दोन धावा लिहिल्या आणि पान उलटलं.